बाद नमुना

सारेमा बेटावर होड्यांचा कारखाना.
सकाळी सातला लेम्बेच्या कॉलरला मी नळी टाचली,
कमरेला पंप, साबणाच्या वडीएवढा.
"गुणगुणतोय," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा सुरात."

त्या दिवशी मोठी दारं सताड उघडी.
एरवी नसतात, असं कुणी बोललं नाही.
बिजागऱ्यांखाली गंजाचा ताजा सडा तेवढा.

सुटताना पंप परत द्यायला ती विसरली.
तसाच गेला तिच्यासोबत बसमधून,
स्वयंपाकघरात,
आणि झोपलेल्या नातवावर ती वाकली तेव्हाही
तिच्या केसांतलं स्टायरीन ओढत राहिला
बॅटरी संपेपर्यंत.

नियमाप्रमाणे हा नमुना बाद.
बाकीच्यांचे आकडे मर्यादेच्या आत;
सही माझीच.

नळीची दोन्ही टोकं बंद केलीत.
फेकवत नाही.
फ्रिजमध्ये आहे, लोण्याशेजारी.