काज

मार्वेच्या जेटीवरून पलीकडे
पाच मिनिटांची खाडी.
बॅगेत दोन लेन्स, एक रिफ्लेक्टर,
आणि खांद्यावर बैलगाडीचं चाक,
ओशिवऱ्याच्या फर्निचरबाजारातून
दिवसाच्या भाड्याने उचललेलं.
चाकाचं तिकीट वेगळं पडलं.
होडीवाला म्हणाला, गाडी मागून येतेय का?

मागणी लेखी होती:
नाताळच्या गोधड्या, बारा नग.
पार्श्वभूमी गावरान.
प्लास्टिक दिसू नये.
माणसं नकोत.

मनोरीत ब्रिजिता कोरियाच्या ओट्यावर
बाराच्या बारा घड्या घालून ठेवलेल्या,
घडीघडीत डांबरगोळी.
आधी चहा, ती म्हणाली.
मग म्हणाली, साखर संपलीय.
एल्टन सायकलवरून साखर घेऊन आला
आणि मी त्यालाच रिफ्लेक्टर धरायला लावलं.

पहिली विहिरीच्या कठड्यावर.
मागची निळी टाकी झावळीने झाकली.
दुसरी पेंढ्याच्या उडवीवर,
तिसरीवर बकरी येऊन बसली
आणि खरं सांगायचं तर
तोच दिवसातला सगळ्यात चांगला फोटो.
पण बकरी माणसांत धरायची का
हे विचारायला रेंज नव्हती.

सातवी
बोंबील वाळवायच्या वलांडीवर टाकायला गेलो
तर ब्रिजिताने मनगटच धरलं.
"वास लागंल."
म्हटलं, फोटोत वास येत नाही, मावशी.
"फोटो कोन पांघरनार?"

बारावी लाल.
बाकीच्यांचं लाल मालाडहून मीटरने आणलेलं,
कोरं, ओरडणारं.
हे लाल उडालेलं, मधेच तपकिरीकडे झुकलेलं,
जिथे काख असावी तिथे.
तिच्या भावाचं, इनासचं बँडपथक होतं.
अकरा माणसं, अकरा कोट, सोनेरी फीत.
लग्नांत लॅपटॉप वाजायला लागला
तसे कोट कपाटात गेले,
मग ही दारोदार फिरली.
नऊ मिळाले.
दोघांनी दिले नाहीत,
म्हणाले, पेटीत घालून जायचंय.

नऊ कोटांची काजं तिने कातरीने वगळली.
चांदणीच्या खालच्या ठिगळात
एक राहिलं.
राहिलं की ठेवलं?
ती दातांनी दोरा तोडते,
सुई पदराला खोचते,
आणि एल्टनला ओरडते, नीट धर ते चकचकीत.

साडेपाचला दोन माडांमध्ये दोरी बांधली.
ऊन मागून आलं.
सगळे धावदोरे उजळले,
वाकडे, सरळ, मधेच दमलेले,
एका ठिकाणी दोरा बदललेला
(तेव्हा ताप होता, ती म्हणाली)
आणि त्या काजातून
उन्हाचा एक दाणा
एल्टनच्या बनियनवर पडला,
बरोबर जिथे गुंडी असते तिथे.
तो खाली बघत राहिला.
मी म्हटलं, बाजूला हो, फ्रेममध्ये येतोयस.

आठवड्याने निरोप:
फोटो छान. बाराव्या नगात भोक दिसतं, भरून द्या.
कांदिवलीला, रात्री जेवण झाल्यावर,
शेजारचं लाल उचललं, भोकावर ठेवलं.
चार सेकंद.
तिच्याकडे सुई होती, दोरा होता,
जूनपासून नाताळपर्यंतचे दिवस होते,
तिने भरलं नव्हतं.

चाक तिकडेच राहिलं, विहिरीला टेकून.
भाडं चढतंय.
परवा ब्रिजिताचा फोन आला,
त्यावर कोंबड्या बसतात म्हणाली.
मग जरा थांबून,
ती लाल कुणी घेतली काय रे?
म्हटलं, घेतली.
मला माहीत नव्हतं.