तीन ओळींची खिडकी

तार्तूत नोव्हेंबरमध्ये चारच्या आतच अंधार पडतो.
विर्वे काम थांबवते,
दुहेरी तावदानांमधल्या फटीत कापूस भरते.
आतली खिडकी, बाहेरची खिडकी,
मध्ये वीतभर हिवाळा.
मग परत पडद्यासमोर येऊन
आणखी एक खिडकी करायला घेते,
जी वारा अडवणार नाही.

जुनी रीत आइवोला तोंडपाठ होती.
आधी नोंदणी, मग रचना, मग निरोपांची न संपणारी रांग,
एकशे बारा ओळी,
आणि त्यातून निघायचा एक करडा चौकोन, रिकामा.
वर नाव हवं असेल तर अजून सहा.
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.
"शिकतात लोक," आइवो म्हणायचा, "मी शिकलोच की."
"तुला दुसरं काही येत नव्हतं म्हणून शिकलास."
यावर तो दोन दिवस बोलला नाही.

तिची अट एकच:
दूधसंघातल्या हेल्यूला जमलं पाहिजे.
हेल्यू, वय एकोणसाठ,
जाड वहीत स्निग्धांशाचे आकडे,
प्रत्येक साताच्या कमरेला एक आडवी रेघ.

म्हणून आधी एकच वर्ग, आकेन, म्हणजे खिडकी.
बाकी सगळी तिचीच प्रजा.
रुंदी, उंची, दिसणं, लपणं
हे बटणाला वारशानंच मिळालं,
दाबलं जाणं तेवढं त्यानं स्वतःचं आणलं.

नावांवरून आठवडा गेला.
'दाखव' म्हणायचं की 'उघड'?
दिसणं वेगळं, उघडणं वेगळं, विर्वे अडून बसली,
समोरच्या घरातली बाई मला रोज दिसते,
उघडलेली कधी पाहिली नाही.

इथे माझी भाषा मध्ये तोंड घालते:
आमची खिडकी ती, दरवाजा तो, दार मात्र ते.
विर्वेच्या भाषेत तो आणि ती एकाच शब्दात राहतात.
तिचं तेवढं काम वाचलं.

आणि एक नियम, तिनंच लिहिलेला:
आई मिटली की लेकरंही मिटतात.
मेमरी गळत नाही, मागे कुणी विसरून राहत नाही.
आइवोसुद्धा म्हणाला, चोख आहे.

फेब्रुवारीत हेल्यू बसनं आली,
पिशवीत मुरवलेल्या भोपळ्याची बरणी.
दोन बोटांनी तीन ओळी टंकल्या.
खिडकी आली.
वर नाव: गाई.
"एवढंच?"
"एवढंच."
"मग या आइवोला पगार कशाचा देतात?"

दुपारपर्यंत तिनं छोट्या खिडकीत
चाळीस गाईंचे आकडे भरले,
आणि चहाला उठताना, सवयीनं, दार ओढून घ्यावं तशी
मोठी बंद केली.
छोटी तिच्याबरोबर गेली. आकडेही.
हेल्यू रडली नाही.
वही काढली, टोक केलं,
पहिल्या गाईपासून पुन्हा लिहायला लागली.
"वही मिटली तरी," वर न पाहता म्हणाली,
"आतली चिठ्ठी जळत नाही, पोरी."

त्या रात्री विर्वे घरी गेली नाही.
त्रीन ताम्पेरेला गेली त्याला चौथं वर्ष.
तिची खोली आवरून टाकताना
तिला विचारलं होतं का, आठवेना.
पहाटे तीनला एक ओळ वाढली,
हेल्यूच्या वाटची नाही, आतली:
मिटण्याआधी प्रत्येक लेकराला विचार.

"आणि नाही म्हणालं तर?" आइवो.
"तर आईनं उघडं राहायचं."
"अडून बसेल की प्रोग्राम."
"बसू दे."

मार्चमध्ये फटीतला कापूस काढला,
त्यात एक वाळलेली माशी निघाली.
त्याच सकाळी दूधसंघातून रखवालदाराचा फोन:
इथं रात्रभर एक खिडकी उघडी आहे,
किती दाबलं तरी मिटत नाही.
विर्वेनं विचारलं, तिच्यावर काय लिहिलंय?
पलीकडे तो चष्मा शोधत राहिला,
मग एकेक अक्षर लावत वाचू लागला.