कडू शेवट

अकरावीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात एकाने भाषांतर केलेलं:
'ते कडू शेवटापर्यंत लढले.'
लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसले.
शब्दाला शब्द तर बरोबर होता.

शेजारच्या गॅलरीत मयेकरकाका
सियागंजातून आणलेल्या नायलॉनच्या दोराला
गाठी मारत होते, सोडवत होते.
तेहतीस वर्षं बोटीवर सारंग,
आता रामबागेत, लेकीकडे.
इथे नळाला नर्मदा येते,
समुद्राकडे निघालेलं पाणी
पंप लावून घाटावर चढवलेलं.
काकाही तसेच आलेत.

मी वाक्य वाचून दाखवलं.
'शेवट कडू नसता गो,' ते म्हणाले,
'शेवट खुंट्याचो.'

मग लेकीच्या खलातला बत्ता मागवला,
दोराला बांधला, कठड्यावरून खाली सोडला.
खाली स्कूटर पुसणारा मुलगा
'अरे भिया!' म्हणत बाजूला झाला.
अलीकडचा दोर कठड्याच्या दोन गजांना
इंग्रजी आठासारखा गुंडाळलेला.
'हे खुंटे. गोरो ह्यांका बिट म्हणता.
बत्तो म्हणजे नांगर.
पानी खोल, तितको दोर सोडूचो.
आणि खुंट्याच्या अलीकडे उरता, ता बिटर.
ताच हातात इला, की सोडूक कायच नाय.'
'मग?'
'मगे काय. तेवढ्यावर रवाचा.'

नांगर म्हटला की मला माळव्याची काळी माती दिसते,
फाळाला चिकटलेलं ढेकूळ.
त्यांचाही नांगर जमिनीतच रुततो,
फक्त वर पाणी असतं,
एवढाच फरक, म्हणून आपल्याला एक शब्द पुरला.

रात्री कोश काढला. कोशात दोन मतं.
काही म्हणतात खुंटा-बिंटा नंतरचा,
शेवट आधीपासूनच कडू होता,
जुन्या धर्मग्रंथात, दवण्याइतका कडू.
सकाळी काकांना सांगितलं.
'कोशान कधी नांगर टाकल्यान?'
एवढंच. पुन्हा गाठ.

काकांना चौदा गाठी येतात, डोळे मिटून.
लेकीचं नाव गेल्या गुरुवारी आलं नाही.
'बाई' म्हणाले तिला, 'चाय ठेव गे, बाई.'
तिने ठेवला.
ओट्याशी पाठ करून उभी राहिली,
दूध उतू गेलं तरी.
डॉक्टर म्हणतात वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही,
आणि ती रोज थोडा थोडा दोर सोडते,
हात सोलवटले तरी.

वही पुन्हा उघडली.
समासात लिहिलं: दोर खुंटेपर्यंत.
लिहिताना लक्षात आलं,
खुंटणं आपल्याकडेही खुंटापासूनच आलं असणार.
वाढ खुंटते, वाट खुंटते, बोलणं खुंटतं,
आणि समुद्र तर बघितलेलाही नसतो.
पण मग 'कडू' खोडवेना.
मुलाला अर्धा गुण दिला.

बत्ता अजून खाली लोंबतोय,
जमिनीपासून वीतभर वर.
लेकीला चटणी वाटायचीय.
मी विचारलं, 'काका, वर घेऊ?'
कठड्यावरून त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं,
दोर बोटाने ताणून बघितला.
'रवांदे,' म्हणाले,
'अजून तळ लागूक नाय.'