डावा पाय

कन्नडचा घाट चढताना इंजिन ओरडायला लागलं
आणि काटा पन्नासवरून तिसावर उतरला.
आवाज पुढं निघून गेला, अँबेसेडर मागंच.
वास आला, जळक्या तागाच्या पोत्यासारखा.
वळवली. चाळीसगावपर्यंत उतारानंच आणलं.

सुपडू मिस्त्रीनं बॉनेट उघडलंच नाही.
लिंबाखालच्या खाटेवरून उठला, आत बसला,
हँडब्रेक ओढून चौथा टाकला,
क्लच सोडला सावकाश.
"आता हिनं मरायला पाहिजे," म्हणाला.
आम्ही दोघं वाट बघत राहिलो.
मरेना. फुरफुरत राहिली,
कशाशी काही देणंघेणं नसल्यासारखी.
"प्लेट गेली."

मी म्हटलं, तेल गळत असेल,
खालच्या सिलेंडरचं रबर असेल,
पेडलची ढिलाई तरी बघा एकदा.
बघितली त्यानं. तेल होतं, रबर धड होतं,
ढिलाई बोटभर, हवी तेवढीच.
माझी स्वस्तातली सगळी कारणं संपली.

दुसऱ्या दिवशी इंजिन साखळीला लोंबत होतं.
त्यानं एकेक वस्तू माझ्या ओंजळीत ठेवली:
रिव्हेटची डोकी वर आलेली प्लेट,
आणि कार्बनचं बेअरिंग, झिजून झिजून
एखाद्या लहान मुलीच्या बांगडीएवढं.
फ्लायव्हीलवरचे निळे डाग नुसते बोटानं दाखवले.
"डावा पाय कोठे ठेवतस तुम्ही?"

रिकाम्या गाडीत बसून दाखवायला गेले.
मी सांगायच्या आत पाय पेडलवर जाऊन टेकला होता.

जळगावला अठ्ठ्याऐंशी साली वाणीसरांनी शिकवलं,
म्हणायचे, पाय तयार ठेवा बाई,
कधी काय आडवं येईल सांगता येत नाही.
तेव्हापासून मी तयार आहे.
बँकेत खुर्चीवर बसूनसुद्धा टाच उचललेली.
आडवं काय आलं? एकदा एक म्हैस.
बाकीचं सगळं मागून आलं.

"गाडी नही बिघडनी," सुपडू हात पुसत म्हणाला,
"तुमना पाय बिघडेल शे."
त्याचा पार्ट बाजारात मिळत नाही,
नाहीतर तोही टाकून दिला असता, म्हणे, मजुरी न घेता.

पाचव्या दिवशी निघाले. गावाबाहेर चौथा पडला,
इंजिन आणि चाकं एकाच गोष्टीवर बोलू लागली.
पाय काढला. खाली ठेवला, चटईवर.
तिथं त्याला काहीच काम नव्हतं.
कजगाव येईपर्यंत तो दोनदा उठला.
दोन्हीदा मी त्याला बसवला,
निघतो निघतो म्हणणाऱ्या पाहुण्याला बसवतात तसा.