सत्त्याऐंशी नंबरचे दोन दगड

दीपमाळ उचलायचं ठरलं तेव्हा मला बोलावलं,
कारण ऑइलपेंट माझ्याकडे होता
आणि आकडे मी वळणदार काढतो.

धरणाचं पाणी घाटाच्या नवव्या पायरीवर.
बुडीताच्या खुणेचा पिवळा पट्टा
दीपमाळेच्या कमरेला.
पोळ्यापर्यंत इथवर, साहेब म्हणाले,
आणि फीत गुंडाळून जीपमध्ये बसले.

मी खालून सुरुवात केली. एक, दोन, तीन.
दगडात पिढ्यांचं तेल मुरलेलं, रंग धरेना.
रॉकेलनं पुसायचं, पुन्हा काढायचं.
खाली डोंग्यात बसून फागू वलथरे सांगत होता,
"त्या कोनाड्याचं तोंड सांभाळ बापा.
उजव्या हाताले खडक, डाव्या हाताले भोवरा,
दिवा दोन्हीच्या मधात आला का डोंगा सोडाचा.
माहा आजा भर पुरात बाळंतीण घेऊन आला पल्याडून,
तोच दिवा पाहून."
कोनाडे एक्कावन्न, सगळे सारखेच काळे.
कोणता म्हणून विचारलं.
"डोंग्यातून दिसते तो."

ट्रॅक्टरच्या सात खेपा झाल्या.
नव्या गावठाणात, पाण्याच्या टाकीसमोर,
गवंड्यानं माझे आकडे वाचत वाचत ती उभी केली
आणि एक दगड उरला.
सत्त्याऐंशी. तो तर आधीच बसला होता.
दोन्ही आकडे माझेच, दोन्ही सुबक.
गवंडी म्हणाला, चालते, आणि फटीत सिमेंट भरलं.

आता त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात,
उजेड समाजमंदिराच्या भिंतीवर पडतो.
मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर म्हणतो, वळणावर बरं पडते.

उरलेला दगड माझ्या ओसरीत होता, त्यावर रंगाचे डबे.
एक दिवस फागूनं तो मागितला,
नायलॉनचा दोर बांधला, लंगर केला.
मी एकदा गेलो त्याच्यासोबत रात्री.
खडक नाही, भोवरा नाही, नुसतं पसरलेलं पाणी.
इथंच होती, म्हणाला, आणि दगड सोडला.
दोर बराच वेळ जात राहिला.
रंग टिकला असेल का, मी विचारलं.
त्यानं दोर माझ्या हातात दिला.

दूर माळावर दिवे दिसत होते, बारके, भलतीकडेच.
परतताना फागूनं डोंगा वळवला,
ते नाकासमोर धरून पाहिले थोडा वेळ,
मग वल्ह्यानं पुन्हा सरळ केला.