सक्करदऱ्यात समुद्राची होडी

सव्वीस वर्षं कूलर बनवतोय.
फायबरचे डबे, बाजूंना खस,
धंदा एवढाच, की पाणी आत राहिलं पाहिजे.
एप्रिलात मंजिरी टेंभुर्णे आली,
टेम्पोवर सतरा फुटांची होडी उलटी बांधून.
म्हणाली, हेडाऊ काका, हिच्यात पाणी आलं नाही पाहिजे.
काहून बाप्पा, म्हटलं, नागपुरात समुद्र कुठून आणला?
म्हणे देवगड ते वेंगुर्ला. नोव्हेंबरात. एकटी.

होडी आतून नुसती पोकळ, वाळल्या दुधीसारखी.
उलटली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरणार.
तिनं खडूनं फरशीवर काढलं:
बसायच्या जागेपुढे एक आडवी भिंत, मागे एक,
वरून रबरी झाकणं,
म्हणजे सामानही मावेल, हवाही राहील.
नाहीतर भिंती नकोत, टोकांत फुगे कोंबायचे,
स्वस्त पडतं,
पण मग तांदूळ कुठे ठेवू?
थर्माकोल पडलाय दुकानात, मी म्हटलं.
तो जागा खातो काका, आणि परत देत नाही.

माझं एक कोडं सुटेना.
कप्पा गच्च भरला तर हवा कुठे उरली?
आणि हवा नाही, तर तरंगायचं कशावर?
ती काही बोलली नाही.
डाळीच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधलं
आणि माझ्या टाकीत टाकली.
पिशवी खाली गेली, वर आली,
म्हशीसारखी नाक वर काढून राहिली.
पोरगा म्हणाला, आता ती डाळ आपली का?

मे महिन्यात रेझिन मगातच गोठतं.
पहाटे चारला भिंती बसवल्या,
कडेला हाताएवढी पट्टी, आतून, बाहेरून.
दुपारी दोनला मागचं झाकण बंदुकीसारखं उडालं
आणि शेजारच्या पंक्चरवाल्याच्या चहात पडलं.
कोंडलेली हवा तापली, फुगली, दुसरं काय.
मंजिरी म्हणे, भिंतीला सुईएवढं छिद्र पाडा.
आयुष्यभर छिद्रं बुजवत आलेला माणूस मी.
ड्रिल हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो.

तपासायची रीत मात्र आमचीच.
छिद्रावर मेण लावलं,
दोन्ही कप्पे नळीनं भरले,
खाली जुने पेपर पसरले, दिवा बंद केला.
सकाळी मागच्या भिंतीखाली
एका लग्नाच्या जाहिरातीवर ओला डाग,
पाच रुपयांच्या नाण्याएवढा.
खरवडलं, परत लावलं, परत भरलं.
तिसऱ्या रात्री पेपर कोरडा.

ऑक्टोबरात न्यायला आली, यादी घेऊन:
तंबू मागे, स्टोव्ह मागे, बारा लिटर पाणी
बसायच्या जागेजवळ, दोन्हींकडे सारखं.
पुढच्या कप्प्यात कपडे आणि तांदूळ.
झाकण लाटेनं निघालं तर? मी विचारलं.
नाही निघणार, ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

समुद्र मी पाहिलेला नाही.
अंबाझरीत एकदा पाय बुडवलेत, तेही चप्पल काढायला गेलो तेव्हा.
टेम्पो यायच्या आधी
पुढच्या टोकात, हात पोचेल तिथवर,
स्कूटरची ट्यूब अर्धी फुगवून दोरीनं बांधली.
पूर्ण नाही. उन्हात जागा लागते तिला.
बिलात ती नाही.
तांदूळ भरताना सापडेल,
तेव्हा चिडून फोन करेल बहुतेक.