उलटी अक्षरं

भिवंडीच्या एका इस्पितळानं लिलावात काढली
तेव्हा ह्यांनी दोन लाख दहा हजारांना घेतली.
तीस वर्षं खोपटच्या डेपोत लोकांच्या गाड्या नीट केल्या,
आता एक आपली, एवढंच म्हणाले.
स्ट्रेचर निघालं, तिथे फळी आली, फळीवर गादी,
सलाइनच्या हुकाला माझी पिशवी,
ऑक्सिजनच्या कप्प्यात तांदूळ, कुकर, लोणच्याची बरणी.
काचेखालची उलटी अक्षरं दोनदा घासली,
वरून पिस्ता रंग मारला.
उन्हात तरी वर येतात.

पहिला मुक्काम येऊरच्या पायथ्याशी,
घरापासून रिक्षाच्या अंतरावर, कलमांच्या एका वाडीत.
तंबूचे सातशे, गाडीचे पाचशे,
न्हाणीघर पार पलीकडे, टॉर्च ज्याची त्याची.
शेजारच्या पोरांनी दीडपर्यंत गिटार बडवली
आणि मग आमचंच दार वाजवलं: काकू, मीठ आहे का?
होतं.
मला आवडलं तिथे. पैसे दिले की झालं.
गुडघा कसाय, कुणी विचारत नाही,
मुलीचं जमलं का, विचारत नाही,
आणि निघताना कुणाच्या हातात काय ठेवायचं
हा प्रश्न नाही.

ऐरोलीला पमीच्या सोसायटीत शिरताना
वॉचमननं आधी टोपी काढली, मग फाटक उघडलं.
कितव्या मजल्यावर? हळूच विचारलं.
चौथ्या, हे म्हणाले, जेवायला आलोय.
वहीत लिहिलं: माणसं दोन. काम: पाहुणे.
गॅलरीगॅलरीतून डोकी. कोण गेलं?

ईशान धावत खाली आला, सायरन कुठाय, सायरन?
पमी नाही आली.
सख्ख्या बहिणीचं घर असताना गाडीत झोपणार?
एवढंच बोलली, सुरमईचे तुकडे वाढता वाढता.
गाडी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होती.
तिनं पडदा ओढून घेतला, भर दुपारी.

आणि तेव्हा मला आठवलं.
मला. आधी आठवायला हवं होतं ते.
दोन वर्षांपूर्वी, ऐरोलीहून कळव्याकडे,
सदाशिवरावांच्या पायाचा अंगठा धरून
ती अशाच एका गाडीत बसली होती.
मी फोनवर म्हणत होते, पोचाल, पोचाल.

रात्री अडीचच्या सुमारास दार वाजलं.
मीठ मागायला नव्हतं कुणी.
पमी, गाऊनवर शाल, काखेत उशी.
वर डोळा लागत नाही, म्हणाली. सरक.
हे पुढच्या सीटवर गेले, खोकले, झोपल्याचं नाटक केलं.
ती फळीवर आडवी झाली, पाय दाराकडे करून.
बराच वेळ वर बघत राहिली.
छतात चार खिळे आहेत,
कसल्यातरी पट्टीचे, पट्टी केव्हाच गेलेली.
असं दिसत असणार, म्हणाली.
मी काय बोलणार? म्हटलं, ती गाडी ही नव्हे.
माहितेय गं, म्हणाली,
आणि माझ्या पांघरुणातलं अर्धं ओढून
लहानपणी ओढायची तसंच,
सकाळी साडेसातपर्यंत घोरत पडली.

चहा झाल्यावर विचारते, आता कुठे?
उलव्याला, भावोजींकडे. मग पुढचं काही ठरलेलं नाही.
तिथे रात्री मच्छर फार, म्हणाली,
आणि वर गेली. आम्हाला वाटलं डबा आणायला.
खाली आली ती बॅग घेऊनच,
बॅगेत डबाही होता.
वॉचमननं वही उघडली, मान वर केली, बोटं मोजली.
आत दोन लिहिलीत. बाहेर तीन कशी?
ह्यांनी सही केली, गाडी सुरू केली.

पटनीच्या सिग्नलला ऊन थेट समोरून आलं.
पुढच्या रिक्षावाल्यानं आरशात बघितलं,
दचकून रिक्षा डावीकडे घेतली,
हातानं खुणावलं, जा, जा लवकर.
हे हॉर्न वाजवायला निघाले होते, पमीनं हात धरला.
सावकाश जाऊ दे भाऊजी,
आपल्याला कुठे पोचायचंय.